बाराबंदीचा हात वर का होत नाही?

शिवजयंतीच्या मिरवणुकीसाठी बाराबंदी शिवताना बरेच जण शर्टासारखाच गोल मुंडा (बाही जोडायची खाच) कापतात. मग हात उंचावला की अख्खी बाराबंदी कमरेवरून वर सरकते, नाहीतर काखेत टर्रकन उसवते. जुन्या अंगरख्यांची बेतणी सरळ असे. बाही म्हणजे जवळजवळ चौकोनी तुकडा, आणि हालचालीची सोय चौबगल्यात, म्हणजे काखेत जोडलेल्या चौकोनी तुकड्यात.

मोठ्या माणसाला 10 सेंमीचा चौरस पुरतो. शिवणीसाठी चहूबाजूंनी 1 सेंमी धरून 12 चा कापा. तो पतंगासारखा बसतो: एक कोपरा बाहीच्या शिवणीत, समोरचा कुशीच्या शिवणीत. खरी मेख कोपऱ्यांत आहे. चारही बाजू वेगवेगळ्या शिवा आणि प्रत्येक शिलाई कडेच्या 1 सेंमी अलीकडे सुरू करून तेवढ्याच अलीकडे थांबवा. कडेपर्यंत नेलीत तर चुणी पडते आणि इस्त्रीनेही ती जात नाही. (माझ्या पहिल्या चौबगल्याला अशा तीन होत्या.)

आधी मांजरपाटावर करून बघा. घालून दोन्ही हात फेटा बांधल्यासारखे डोक्यावर न्या. घेर जागचा हलला नाही, तरच खरं कापड कापायला घ्या. तेही धुऊन, आटवून. बांधायचे बंद सगळ्यात शेवटी लावा.