इंट्राकॅथमुळे शीर सुजली तर काय करावं

सलाईन चालू असताना पेशंट ‘झोंबतंय’ म्हणाला की सलाईन थांबवा आणि जागा नीट बघा. दुखणं, लाली, सूज यांतल्या दोन खुणा दिसल्या की शिरेची सूज मोजायच्या 0 ते 5 च्या व्हीआयपी स्कोअरवर 2 झाले. इंट्राकॅथ, म्हणजे शिरेत बसवलेली सलाईनची नळी, काढा.

हात अडतो तो इथेच. नर्स म्हणून नवी असताना एका रात्रपाळीत माझाही अडला. आजींच्या शिरा सापडत नव्हत्या, म्हणून ‘सकाळपर्यंत ओढू’ असं ठरवून मी फक्त थेंब कमी केले. सकाळी मनगटापासून कोपरापर्यंत शीर सुतळीसारखी कडक लागत होती आणि नुसतं बोट टेकलं तरी आजी हात मागे घेत होत्या. थेंब कमी केल्याने काही थांबत नाही. नळी शिरेच्या अस्तराला घासतच राहते. त्यात पोटॅशियम, व्हॅन्कोमायसिन किंवा अमिओडॅरोन असं शिरेला झोंबणारं औषध चालू असेल तर अस्तर आणखी पोळतं. शीर मिळत नसेल तर अनुभवी सिस्टरला हाक मारा, कितीही वाजले असोत. अडलेली नळी सिरिंजने जोर लावून मोकळी करायला तर कधीच जाऊ नका, आतली गुठळी पुढे ढकलली जाते.

मात्र केमो (कॅन्सरचं औषध) किंवा रक्तदाब वाढवणाऱ्या नॉरअॅड्रेनलिनसारखं औषध शिरेबाहेर गळून हात फुगला असेल तर नळी लगेच उपसू नका. औषध बंद करून डॉक्टरांना बोलवा. आत राहिलेलं औषध ओढून घ्यायला तीच नळी लागते. तिथे शेकही त्यांना विचारूनच.

एरवी नळी काढून जागा दाबून धरा, हात उशीवर उंच ठेवा.

शेक ओल्या, कोमट कापडाचा, 15 ते 20 मिनिटं, दिवसातून तीन-चार वेळा. कापड आधी स्वतःच्या मनगटाला लावून बघा. मधुमेहाने बधिर झालेल्या हाताला चटका कळत नाही, थेट फोडच दिसतो. मॅगसल्फ (मॅग्नेशियम सल्फेट)-ग्लिसरीनची पट्टी किंवा हेपरिनचं मलम डॉक्टरांनी लिहिलं तर लावा. चोळू नका.

पू, ताप किंवा वर चढणारी लाल रेघ दिसली तर डॉक्टरांना लगेच कळवा. पू पुसण्याआधी तपासणीसाठी स्वॅब (कापसाच्या काडीवर नमुना) घ्यायचा का, तेही विचारा.

नवं इंट्राकॅथ दुसऱ्या हाताला, सांधा टाळून; चालत असेल तर गुलाबीऐवजी त्याहून बारीक निळं, 22 नंबरचं. जुन्या जागेवर पुढचे 48 तास नजर ठेवा. नळी निघाल्यावरही शीर सुजू शकते, म्हणून डिस्चार्ज देताना घरच्यांना ती जागा बोट ठेवून दाखवा.