सांडपाण्यातून वीज: मीटरवरच्या आकड्याला भुलण्याआधी या चुका टाळा

विज्ञान प्रदर्शन जवळ आलं की मुलांचा एखादा गट बरणी घेऊन येतोच. बरणीत गटाराचं काळं पाणी, एकीकडे तांब्याची तार, दुसरीकडे जस्ताची पट्टी आणि मल्टिमीटरवर ०.९ व्होल्ट. "सर, जिवाणू वीज देतायत!" मी तार आणि पट्टी स्वच्छ धुऊन साध्या मिठाच्या पाण्यात बुडवायला सांगतो. आकडा जवळपास तेवढाच येतो. ही झाली लिंबाची बॅटरी. झिजतंय जस्त, जिवाणूंचा त्यात काडीचाही वाटा नाही. खऱ्या सूक्ष्मजीव इंधन घटात सांडपाण्यातले जिवाणू घाण खातात आणि त्यातून सुटणारे इलेक्ट्रॉन इलेक्ट्रोडला देतात, तीच वीज.

हसू नका, मीही यात फसलोय. इलेक्ट्रोड मी जुन्या सेलमधल्या कार्बनच्या कांड्यांचेच केले होते, पण त्यांना गुंडाळलेली तांब्याची तार पाण्याखाली राहिली. आठवडाभर व्होल्टेज छान चढलं. उघडून बघतो तर तार हिरवट-काळी पडून झडत होती. तांबं जिवाणूंना विषारी, ते वेगळंच. तेव्हापासून जोड पाण्याच्या वर ठेवतो किंवा एपॉक्सीने पूर्ण बुजवतो, आणि पाण्यात कार्बन किंवा स्टेनलेस स्टीलशिवाय काही उतरू देत नाही. शिवाय शेजारी एक जुळा घट मांडतो: सगळं तेच, फक्त सांडपाणी उकळून गार केलेलं. पहिले काही दिवस दोघांत जो फरक दिसेल, तेवढीच जिवाणूंची कमाई.

मीटर वजा दाखवत असेल तर घाबरू नका. आपल्या पुस्तकात अ‍ॅनोडला धनाग्र म्हणतात, पण या घटात जिवाणू अ‍ॅनोडवर इलेक्ट्रॉन सोडतात, त्यामुळे ते ऋण टोक ठरतं. तारा उलट्या लागल्यात, एवढंच.

यापेक्षा मोठी फसगत म्हणजे काहीही न जोडता व्होल्टेज मोजणं. नुसत्या मीटरला ०.७ व्होल्ट देणारा घट १००० ओहमचा रेझिस्टर लावल्यावर ०.१ वर कोसळला, तर त्याचा अंतर्गत रोध भरमसाट आहे. मिठाचा पूल, म्हणजे दोन भांडी जोडणारी मिठाच्या द्रावणाची नळी, वापरला की हे हमखास होतं. त्याऐवजी झिलई नसलेलं मातीचं मडकं घ्या: आत सांडपाणी आणि अ‍ॅनोड, बाहेर बादलीतल्या पाण्यात कॅथोड. हा काही गरिबाघरचा जुगाड नाही. खरगपूरच्या आयआयटीत मकरंद घांगरेकर आणि सहकाऱ्यांनी भात गिरणीच्या सांडपाण्यावर असा घट चालवला होता. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या कामात मडक्याच्या घटाने, मडक्याच्या भिंतीऐवजी महागडा प्रोटॉन-पडदा लावलेल्या घटापेक्षा जास्त वीज दिली.

आता हवा. अ‍ॅनोडकडे हवा गेली की जिवाणू इलेक्ट्रॉन तारेला देण्याऐवजी थेट ऑक्सिजनला देऊन मोकळे होतात. म्हणून मडकं काठोकाठ भरून तोंड बंद करा. कॅथोडला मात्र हवा हवीच. पण त्यासाठी फिशटँकचा पंप लावलात तर दोन-तीन वॉट खर्चून तुम्ही मिलिवॉटही मिळवणार नाही! कॅथोड अर्धा पाण्याबाहेर राहू द्या.

"चार दिवस झाले, काहीच नाही" ही तक्रार नेहमीची. अ‍ॅनोडवर जिवाणूंचा थर जमायला एक ते तीन आठवडे लागतात, थंडीत आणखी जास्त. रोज पाणी बदललंत किंवा मडकं खरवडून धुतलंत, की पुन्हा श्रीगणेशा. रेझिस्टर पहिल्या दिवसापासून जोडून ठेवा. वाटच बंद असेल तर इलेक्ट्रॉन तारेत सोडणाऱ्या जिवाणूंना फायदा नाही, आणि त्यांचं अन्न मिथेन वायू बनवणारे सूक्ष्मजीव पळवतात. फिनेल किंवा ब्लीचिंग पडलेलं बाथरूमचं पाणी घेऊ नका. स्वयंपाकघराच्या मोरीचं चालेल, त्यात थोडा नाल्याचा गाळ घाला. हे करताना हातमोजे घाला, आणि गाळासाठी मॅनहोलमध्ये कुणीही वाकू नये, तिथला वायू जीव घेतो.

अपेक्षांचंही गणित करून ठेवा. १००० ओहमवर ०.५ व्होल्ट मिळाले तर शक्ती भरते ०.२५ मिलिवॉट. लाल एलईडी नीट पेटायला साधारण ३५ ते ४० मिलिवॉट लागतात. समजा, सांडपाण्याचा सीओडी (त्यातली घाण पूर्ण जाळायला लागणारा ऑक्सिजन) लिटरला ४०० मिलिग्रॅम आहे. त्यातला एकूण एक इलेक्ट्रॉन ०.४ व्होल्टवर पकडलात तरी लिटरमागे जेमतेम अर्धा वॉट-तास ऊर्जा निघते. मोबाइलची बॅटरी पंधरा-वीस वॉट-तासांची असते. २०१५ मध्ये इंग्लंडच्या ग्लास्टनबरी महोत्सवात ब्रिस्टलच्या संशोधकांनी लघवीवर दिवे पेटवणारी मुतारी उभारली होती. तीही असे कितीतरी घट एकत्र जोडूनच.

जोडणीतही एक खोच आहे. एकाच बादलीत चार इलेक्ट्रोड-जोड्या सोडून त्यांची मालिका करू नका. पाणी सामाईक असेल तर बेरीज होत नाही. मडकी वेगवेगळ्या बादल्यांत हवीत. तरीही त्यातलं एखादं उपाशी पडलं, तर बाकीचे घट त्याच्यातून जबरदस्तीने प्रवाह ढकलतात आणि त्याचे ध्रुव उलटतात. त्यामुळे एकूण व्होल्टेज अचानक पडलं की प्रत्येक मडकं सुटं मोजा. वजा दाखवणारं बाहेर काढून त्यात ताजं सांडपाणी भरा, दोन-तीन दिवस रेझिस्टरवर एकटं चालवा आणि मगच रांगेत परत घ्या.