लिपी तीच, शब्द तोच, अर्थ निराळा: उर्दू, फारसी, अरबी वाचताना या चुका टाळा

काफ, अलिफ, नून. उर्दू लिपी शिकायला लागल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात कुणालाही वाचता येईल असा हा तीन अक्षरांचा शब्द. आपण तो 'कान' असा वाचतो, आणि उर्दूत तो कानच असतो. पण हीच तीन अक्षरं अरबी मजकुरात आली तर उच्चार 'काना' आणि अर्थ 'होता'. फारसीत 'कान' म्हणजे खाण, दगडाची किंवा धातूची. सिंधीत तर अक्षराचा उच्चारच बदलतो. सिंधीने काफची ही आकृती 'ख'साठी घेतली आणि 'क'साठी वेगळी, आडवी पसरलेली काफ ठेवली. त्यामुळे तिथे हा शब्द 'खां' होतो, म्हणजे आपलं 'पासून' किंवा 'हून'. उल्हासनगरच्या एखाद्या जुन्या सिंधी कुटुंबात आजोबांची पत्रं असतील, तर ओळीओळीत तो भेटेल. आणि उर्दूतही एकाच अर्थावर निभत नाही. बातमीत 'कान-कन' दिसलं तर तो खाणकामगार असतो, कानाशी त्याचा संबंध नाही.

मी मराठी मुलामाणसांना उर्दू लिपी शिकवतो. कुणी गझलेच्या ओढीने येतं, कुणाला बहमनी किंवा पेशवाईच्या काळातले फारसी कागद वाचायचे असतात, कुणाला नोकरीसाठी आखातात जायचं असतं. लिपी हातात आली की सगळ्यांना वाटतं, आता ही सगळी घरं उघडली. दारं उघडतात हे खरं. पण आतली भांडी कुठे ठेवली आहेत ते प्रत्येक घरात वेगळं असतं. वर्षानुवर्षं त्याच त्याच चुका वहीत दिसतात, त्या इथे मांडतो.

भाषा न ओळखताच वाचायला घेणं

पहिली चूक हीच, आणि बाकीच्या निम्म्या चुका तिच्यातून निघतात. कागद समोर आला की विद्यार्थी थेट पहिल्या शब्दाला भिडतो. त्याआधी अर्धा मिनिट नुसतं पानावर नजर फिरवा. पे, चे किंवा गाफ दिसलं, म्हणजे खाली तीन नुक्ते (ठिपके) असलेली किंवा वर दोन तिरक्या रेघा असलेली अक्षरं, तर मजकूर बहुधा अरबी नाही, कारण अरबी वर्णमालेत ती नाहीत. डोक्यावर 'तोय' या अक्षराची छोटी आकृती घेतलेली टे, डाल, ड़े दिसली, शब्दाच्या शेवटी लांब मागे गेलेली बडी ये दिसली, 'भ', 'थ', 'घ'साठी दो-चश्मी हे, म्हणजे दोन डोळ्यांसारखी दिसणारी 'हे', दिसली, तर बहुतेक उर्दू. ट-ड-ण या अक्षरांना खाली बारीक गोल कडी लटकत असेल तर पश्तो. एकेका अक्षरावर चार-चार नुक्ते दिसले तर सिंधी. शब्दाच्या शेवटच्या 'हे'वर दोन नुक्ते आणि शब्दांच्या आधी वारंवार 'अल' दिसलं तर अरबी. क्रियापदाच्या आधी 'मी' आणि कर्मानंतर 'रा' येत असेल तर फारसी. आकड्यांकडेही पाहा, 4, 5 आणि 6 अरबीत एका तऱ्हेने लिहितात, फारसीत दुसऱ्या.

नस्तालिक हे तिरकं उतरतं वळण म्हणजे उर्दू आणि नस्ख हे आडव्या ओळीवरचं वळण म्हणजे अरबी, हा ठोकताळा मात्र सोडून द्या. संगणकावर उर्दूही कितीतरी ठिकाणी नस्खमध्ये दिसते, आणि नस्तालिक तर मुळात इराणात घडलं.

शब्द जितका छोटा तितका धोका जास्त. मीम आणि नून, एवढीच दोन अक्षरं घ्या. अरबीत 'मिन' म्हणजे 'पासून', 'मन' म्हणजे 'कोण'. फारसीत 'मन' म्हणजे 'मी'. उर्दूत आपलंच 'मन', शिवाय वजनाचा मण. एकटा शब्द भाषांतराच्या ॲपमध्ये टाकून 'भाषा आपोआप ओळख' सांगितलं, तर ॲप अंदाज बांधतं आणि तो अंदाज ठाम सुरात दाखवतं. भाषा तुम्ही निवडा आणि पूर्ण वाक्य द्या.

मराठी अर्थ घेऊन आत शिरणं

ही चूक खास आपली. उत्तरेकडच्या विद्यार्थ्याला उर्दू फसवते, आपल्याला मराठीच फसवते. कारण हे शब्द आपल्या तोंडात तीनचारशे वर्षांहून जास्त काळ रुळलेले आहेत आणि ते परके आहेत हेच आठवत नाही.

'दर्या' घ्या. आपल्याला तो समुद्र. दर्यावर्दी, शिवकालीन आरमारातला दर्यासारंग, कोळीगीतांतला दर्या, सगळीकडे खारं पाणी. उर्दूत मात्र दर्या म्हणजे नदी, समुद्राला 'समंदर'. त्यामुळे उर्दू पुस्तकात 'दर्या-ए-सिंध' आलं की मराठी वाचक कराचीपुढच्या अरबी समुद्राकडे पाहू लागतो, आणि लेखक सांगत असतो सिंधू नदीबद्दल. गोष्ट इथे संपत नाही. इराणच्या फारसीत दर्या पुन्हा समुद्र होतो. कॅस्पियनला ते 'दर्या-ए-ख़ज़र' म्हणतात आणि नदीला 'रूद'. म्हणजे कोकणातला कोळी आणि कॅस्पियनच्या काठचा इराणी एका बाजूला, लखनौ-लाहोर दुसऱ्या बाजूला. आणि अफगाणिस्तानच्या दरी भाषेत, ताजिकीत दर्या परत नदी; आमू दर्या, सिर दर्या या मध्य आशियातल्या मोठ्या नद्याच आहेत. म्हणून लेखक कुठला हे कळल्याशिवाय दर्याचं भाषांतर करू नका. मी विद्यार्थ्यांना समासात प्रश्नचिन्ह ठेवून पुढे जायला सांगतो. दोन ओळींनंतर पूल आला की नदी, बंदर आलं की बहुधा समुद्र.

'दौलत' त्याहून खोल आहे. आज मराठीत आणि उर्दूत दौलत म्हणजे संपत्ती. अरबीत 'दौला' म्हणजे राज्य, देश. आजच्या फारसीत 'दौलत' म्हणजे सरकार, रोजच्या बातमीतला शब्द. तेहरानच्या वर्तमानपत्रातलं 'दौलत-ए-ईरान' हे इराणी सरकार असतं, इराणची श्रीमंती नव्हे. मूळ धातूचा अर्थ फिरणं, पालटणं. ज्याच्याकडे पाळी आली त्याचं राज्य, आणि राज्य आलं की पैसा आलाच, असा अर्थ सरकत गेला. इथे मराठी वाचकाला एक फायदा आहे, तो वापरा. आपल्या जुन्या पत्रांत 'दौलत' सर्रास राज्य या अर्थाने येते. 'दौलतीचा बंदोबस्त' म्हणजे तिजोरीची कुलपं नव्हेत, राज्यकारभार. ऐतिहासिक पत्रं वाचलेल्याला फारसी दौलत परकी वाटत नाही, फक्त आजचं मराठी जाणणाराच अडखळतो. उर्दूनेही तो जुना अर्थ एका कोपऱ्यात जपला आहे: राष्ट्रकुलाला उर्दूत 'दौलत-ए-मुश्तरका' म्हणतात. महंमद बिन तुघलकाने 1327 मध्ये देवगिरीचं दौलताबाद केलं, तेव्हा त्या नावात नुसता पैसा नव्हता. सिराज-उद्-दौलातला 'दौला'ही हाच शब्द, फक्त शेवटच्या अक्षराची अरबी रीत ठेवलेला.

'ग़रीब'ने तर इतिहासाच्या वाचनात गोंधळ होतो. मराठी आणि उर्दूत गरीब म्हणजे पैसा नसलेला, मराठीत शिवाय स्वभावाने मऊ. अरबीत ग़रीब म्हणजे विचित्र, अनोळखी, परका. फारसीत परका, परदेशात एकटा पडलेला. बहमनी दरबाराच्या फारसी इतिहासात 'ग़रीब' आणि 'दखनी' असे दोन गट येतात. हे ग़रीब म्हणजे इराण, अरबस्तान, मध्य आशियातून आलेले सरदार, आफाकी. 15व्या शतकात चाकणच्या किल्ल्यात ज्यांची कत्तल झाली ते हेच. वजीर महमूद गवान हा गीलानहून आलेला, याच गटातला, दख्खनमधल्या बलाढ्य माणसांपैकी एक. एका विद्यार्थ्याने टिपणात 'गरिबांवर अन्याय झाला' असं लिहिलं होतं. वाक्य वाचायला सरळ होतं, म्हणून मलाही दुसऱ्या वाचनात चूक दिसली. अशी चूक पकडणं फार अवघड असतं, कारण वाक्य कुठे अडत नाही.

बाकीचे शब्द भराभर सांगतो. आपली 'सोबत' अरबी-फारसी 'सोहबत'मधून आली, पण आजच्या फारसीत सोहबत म्हणजे बोलणं, भाषण. आपला 'तमाशा' फारसीत नुसतं पाहणं. तिकडचा 'तमाशाची' म्हणजे प्रेक्षक, आपला तमासगीर मात्र फडावर नाचणारा-गाणारा. 'शादी' उर्दूत लग्न, फारसीत आनंद. 'आवाज' फारसीत गाणं, आणि आवाजाला 'सदा'. 'जुलूस' उर्दूत मिरवणूक, अरबीत बसणं, आणि मुघल नाण्यांवर 'जुलूस' म्हणजे गादीवर बसल्याचं वर्ष. नाणी जमवणाऱ्यांनी तिथे मिरवणूक शोधू नये. आणि खुर्ची! अरबी-उर्दू 'कुर्सी'पासून आलेली आपली खुर्ची इराणात बसायची नसते. तिथली 'कोर्सी' म्हणजे बुटकं टेबल, खाली निखाऱ्यांची शेगडी, वरून जाड रजई, आणि थंडीत सगळं घर पाय आत घालून भोवती बसलेलं. खुर्चीला ते 'संदली' म्हणतात.

उर्दू येते म्हणून फारसी-अरबीही येते असं मानणं

उर्दू बातमीत पूल 'ज़ेर-ए-तामीर' असतो, म्हणजे बांधला जात असतो. इराणात 'तामीर' म्हणजे दुरुस्ती, 'तामीरगाह' म्हणजे गॅरेज. तोच मथळा इराणी माणसाला नवा पूल जुना झाल्यासारखा वाचता येईल. 'कसीफ़' फारसीत घाणेरडा, अरबीत दाट. त्यामुळे अरबी हवामान-वृत्तातलं दाट धुकं फारसीच्या सवयीने वाचलं की गलिच्छ होतं. 'रक़ीब' गझलेत प्रेमातला प्रतिस्पर्धी, पण अरबी सैन्यात रक़ीब म्हणजे सार्जंट, मूळ अर्थ लक्ष ठेवणारा. आखातातल्या दुकानावर लाल अक्षरांत 'ख़स्म' दिसलं तर दर उतरलेले असतात. उर्दूत तीच तीन अक्षरं 'ख़सम' म्हणजे नवरा, फारसीत शत्रू.

सगळ्यात जपायचा शब्द 'इन्किलाब'. हसरत मोहानींनी 1921 मध्ये दिलेली आणि 8 एप्रिल 1929 ला मध्यवर्ती विधिमंडळात भगतसिंग-बटुकेश्वर दत्तांनी गर्जलेली घोषणा आपल्या रक्तात आहे, तेव्हा इन्किलाब म्हणजे क्रांती यात शंका घ्यावीशी वाटतच नाही. फारसीतही क्रांतीच. पण आजच्या अरबीत इन्किलाब म्हणजे सत्तापालट, लष्करी उठाव. क्रांतीला 'सौरा'. 'इराणमधला इन्किलाब' हे शब्द फारसीत 1979 ची क्रांती सांगतात, अरबीत 1953 साली पंतप्रधान मोसद्देक यांचं सरकार उलथवलं तो कट. वर्षांचा फरक 26, आणि अर्थ जवळजवळ उलटा. अरब माणसाशी बोलताना त्याच्या देशाच्या क्रांतीला आदराने 'इन्किलाब' म्हणालात, तर तुम्ही ती नाकारता आहात असं त्याला वाटू शकतं.

तसाच 'औरत'. उर्दूत साधा शब्द, बाई. अरबीत आणि फारसीत त्याचा अर्थ शरीराचा झाकायचा भाग. इराणी किंवा अरब घरात बाईंविषयी बोलताना तो चुकूनही वापरू नका. फारसीत 'ख़ानुम' म्हणा, अरबीत 'सय्यिदा'.

ऐराब गृहीत धरणं

ऐराब म्हणजे ऱ्हस्व स्वर दाखवणाऱ्या खुणा. जेर, जबर, पेश या त्या खुणा छापील मजकुरात बहुधा नसतात. शीन, ये, रे हा शब्द उर्दूत 'शेर' वाचला तर वाघ-सिंह, 'शीर' वाचला तर दूध. आपल्याकडे ईदला येणाऱ्या शीरखुर्म्यातलं हेच दूध. आजच्या इराणी बोलीत दोन्हींचा उच्चार 'शीर', आणि पाण्याच्या नळालाही 'शीर'. 'मन शीर ख़ोर्दम' या वाक्यात माणूस दूध प्यायला आहे. क्रियापद पाहिल्याशिवाय सिंह सोडू नका.

सापडत नाही म्हणजे शब्द नाही असं समजणं

ही चूक संगणकावर होते. ऑनलाइन कोशात शब्द टाकला, काही आलं नाही, म्हणून अक्षरं चुकीची वाचली असं विद्यार्थी ठरवतो. पुष्कळदा वाचन बरोबर असतं. अरबी काफ आणि फारसी-उर्दू काफ शब्दाच्या सुरुवातीला डोळ्यांना सारखे दिसतात, पण संगणकाच्या लेखी ती दोन निराळी अक्षरं आहेत. 'ये'चंही तसंच. 'जामिआ' हा शब्द घ्या. उर्दूत आणि अरबीत विद्यापीठ, जसं दिल्लीचं जामिया मिल्लिया. फारसीत मात्र 'समाज'. शेवटचं अक्षर उर्दूत एक 'हे', फारसीत दुसरी 'हे', अरबीत आधी सांगितलेली, 'हे'वर दोन नुक्ते असलेली गोल 'ते'. उर्दू कळफलकावरून टाइप केलेला जामिआ फारसी कोशात कधीकधी सापडतच नाही. फोनमध्ये तिन्ही भाषांचे कळफलक घालून ठेवा, आणि ज्या भाषेच्या कोशात शोधायचं त्याच भाषेच्या कळफलकावरून शब्द नव्याने टाइप करा. नक्कल करून चिकटवू नका.