जन्मठेपेतली ‘चौदा वर्षं’ मोजायची कशी?

‘चौदा वर्षं भरली की सुटतो’ हे तुरुंगाबाहेर मुलाखतीसाठी थांबलेल्या नातेवाइकांकडून सर्रास ऐकू येतं. ते खरं नाही. जन्मठेप म्हणजे उरलेलं सगळं आयुष्य. गोपाळ गोडसे यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने 1961 सालीच हे सांगितलं आहे. खुनासारख्या गुन्ह्यात चौदा वर्षांआधी फौजदारी प्रक्रियेच्या कायद्याखाली सरकार माफी देऊन सोडूच शकत नाही, एवढाच त्या आकड्याचा अर्थ.

आधी निकालपत्राची प्रमाणित प्रत काढा आणि शेवटचा आदेश शब्दन् शब्द वाचा. अपील झालं असेल तर वरच्या न्यायालयाचा आदेश धरायचा. तिथे नुसती ‘जन्मठेप’ आहे, ‘उर्वरित नैसर्गिक आयुष्यभर’ आहे, की ‘25 वर्षं, माफीशिवाय’? शेवटच्या दोन प्रकारांत चौदाचा हिशोब मांडूच नका.

मग कलम पाहा. ज्या गुन्ह्याला फाशीही होऊ शकते (भारतीय दंड संहिता 302, आता भारतीय न्याय संहिता 103), तिथे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (पूर्वीची फौजदारी प्रक्रिया संहिता) कलम 475 प्रमाणे चौदा वर्षं प्रत्यक्ष आत काढावी लागतात. चांगल्या वर्तणुकीची माफी यात धरत नाहीत. कच्ची कैद (निकालाआधीचा तुरुंगवास) धरतात. महाराष्ट्रात संचित रजेचे (फर्लोचे) दिवस शिक्षेत मोजले जातात, अभिवचन रजेचे (पॅरोलचे) नाहीत. सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. समजा, जामिनापूर्वी दीड वर्ष कच्ची कैद झाली आणि 1 जून 2014 ला शिक्षा होऊन माणूस आत गेला. उरलेली साडेबारा वर्षं 1 डिसेंबर 2026 ला भरतात. मध्ये 60 दिवस पॅरोल घेतला असेल, तर तारीख 30 जानेवारी 2027 वर जाते.

ही झाली किमान मर्यादा. पुढे राज्याची मार्गदर्शक तत्त्वं लागतात: बळी स्त्री किंवा मूल होतं का, क्रौर्य किती, कट होता का, यावरून वर्ग ठरतो आणि वर्षं वाढतात. शिक्षा झाली त्या दिवशीचं धोरण लागू होतं. नंतरचं धोरण अधिक सौम्य असेल तर त्याचा फायदा मागता येतो. म्हणून मुदतपूर्व सुटकेच्या अर्जात शिक्षेची तारीख ठळक लिहा.

अमली पदार्थांच्या खटल्यात एनडीपीएस (अमली पदार्थविरोधी) कायद्याचं कलम 32-अ शिक्षामाफी अडवतं, पण पॅरोल नाही. ‘दादू विरुद्ध महाराष्ट्र’ या 2000 सालच्या निकालात हे स्पष्ट झालं आहे. या कलमाकडे बोट दाखवून पॅरोलचा अर्ज परत आला, तर तो निकाल जोडा. तपास सीबीआयचा असेल तर केंद्राची सहमती लागते. आणि निर्णय शिक्षा सुनावली त्या राज्याचा. गुन्हा कुठे घडला याने फरक पडत नाही. गुजरातमधल्या बिल्किस बानो प्रकरणाचा खटला मुंबईत चालला, म्हणून गुजरातने दिलेली माफी 8 जानेवारी 2024 ला रद्द झाली.

सर्वोच्च न्यायालयाच्या 18 फेब्रुवारी 2025 च्या आदेशानुसार, धोरण असलेल्या राज्यांनी पात्र बंद्याचा विचार अर्जाविनाही करायचा आहे. तरीही अर्ज द्याच. अधीक्षकांच्या नावे, दोन प्रतींत, एकीवर आवक शिक्का आणि क्रमांक घेऊन. शिक्षा देणाऱ्या न्यायालयाच्या न्यायाधीशाचं मत सकारण हवं; ते मोघम असेल तर प्रस्ताव लटकतो. म्हणून ते मत कधी मागवलं आणि कधी आलं, हे त्या आवक क्रमांकाचा हवाला देऊन लेखी विचारा.