उन्हाने त्वचा भाजू नये म्हणून, आणि भाजलीच तर

त्वचा उन्हाने भाजते, ते उन्हात असताना कळतच नाही. लाली आणि आग साधारण ३ ते ५ तासांनी जाणवते आणि १२ ते २४ तासांत सर्वांत वाढते. ‘चटका बसला की सावलीत जाऊ’ म्हणणारे म्हणूनच फसतात. काळजी त्वचेने तक्रार करण्याआधीच घ्यावी लागते.

१. आधी स्वतःची सावली बघा. ती तुमच्या उंचीपेक्षा आखूड असेल तर ऊन कडक आहे. सकाळी १० ते दुपारी ४ या वेळेतली बाहेरची कामे शक्यतो पुढे-मागे करा. ढगांवर विसंबू नका, पातळ ढगांतून अतिनील किरणे बऱ्याच प्रमाणात खाली येतात.

२. अंग झाका. कपडा उजेडासमोर धरा. पलीकडचे दिसत असेल तर ऊनही आत शिरणार. पातळ पांढरा सुती कपडा घामाने भिजला की आणखीच कमी संरक्षण देतो. समोरच झडप असलेल्या टोपीने कान आणि मान उघडी राहतात, म्हणून चहूबाजूंनी काठ असलेली टोपी घ्या.

३. सनस्क्रीन भरपूर लावा. बहुतेकांची चूक इथेच होते. एसपीएफ म्हणजे क्रीम भाजण्यापासून किती वाचवते, याचा डब्यावरचा आकडा. एसपीएफ ३० चे क्रीम त्वचा भाजणारी सुमारे ९७ टक्के यूव्हीबी (एका प्रकारची अतिनील) किरणे अडवते, ५० चे सुमारे ९८ टक्के. फरक एवढासाच. पण हे आकडे दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम असा जाड थर लावून काढलेले असतात आणि आपण लावतो जेमतेम बोटभर. चेहरा आणि मान यांसाठी दोन बोटांच्या लांबीइतके क्रीम हवे, सगळ्या उघड्या अंगाला सुमारे ३० मिलि. महागडे क्रीम पुरवून पुरवून वापरण्यापेक्षा स्वस्त क्रीम सढळ हाताने लावलेले कधीही चांगले. डब्यावर ‘ब्रॉड स्पेक्ट्रम’ (म्हणजे यूव्हीबी आणि यूव्हीए दोन्हींपासून संरक्षण) लिहिले आहे ना, तेवढे मात्र पाहा, कारण यूव्हीए ही दुसऱ्या प्रकारची अतिनील किरणे खिडकीच्या काचेतूनही येतात आणि त्वचेवर अकाली सुरकुत्या आणतात.

बाहेर पडण्याच्या १५-२० मिनिटे आधी लावा. दर दोन तासांनी, तसेच पोहून किंवा घाम पुसून झाल्यावर पुन्हा. कान, मानेची मागची बाजू आणि पावलांची वरची बाजू हमखास राहून जाते. सहा महिन्यांखालच्या बाळाला सावली आणि सैल कपडेच बरे. डॉक्सिसायक्लिन या प्रतिजैविकासारखी काही औषधे चालू असतील तर थोड्या उन्हानेही त्वचा भाजते, डॉक्टरांना विचारून घ्या.

४. भाजलीच तर थंडावा द्या. गार पाण्यात पिळलेले फडके १०-१५ मिनिटे ठेवा, दिवसातून अनेकदा. बर्फ थेट लावू नका, आधीच दुखावलेल्या त्वचेला तो आणखी इजा करतो. अंग ओलसर असतानाच बिनवासाचे मॉइश्चरायझर किंवा कोरफडीचा गर लावा. पहिल्या दिवशी पेट्रोलियम जेली नको, उष्णता आत कोंडते. पाणी नेहमीपेक्षा जास्त प्या.

रापलेपण जावे म्हणून लिंबू चोळू नका, हे अगदी कळकळीने सांगते. लिंबाचा रस अंगावर असताना ऊन लागले तर फोड येतात आणि मागे राहणारे काळे डाग महिनोन्‌महिने जात नाहीत.

आलेले फोड फोडू नका, ते खालच्या कोवळ्या त्वचेचे झाकण असते. फोड मोठ्या भागावर असतील, ताप, उलट्या किंवा चक्कर असेल तर लगेच डॉक्टरांकडे जा. चार-पाच दिवसांनी सालपटे निघू लागतील. ती ओढून काढू नका, आणि खालची नवी त्वचा पुरती भरून येईपर्यंत ती जागा कपड्याने झाकून ठेवा.