बिनधान्याचा पिझ्झा बेस करताय? या चुका टाळा

गेल्या 3-4 वर्षांत माझ्याकडे बिनधान्याच्या पिझ्झा बेसबद्दल विचारणाऱ्यांची संख्या खूप वाढलीये. सोसायटीतल्या काकू, भिशीच्या मैत्रिणी, भाच्याच्या जिममधली पोरं, सगळ्यांचा प्रश्न एकच, "मैदा काढला ना, मग आता कितीही खाल्लं तरी चालतं ना?" नाही चालत. मैदा काढल्यावर त्याजागी काय घातलंत त्यावर सगळं आहे आणि नेमकं तेच कोणी मोजत नाही.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे धान्य नाही म्हणजे कार्ब्स (कर्बोदकं) नाहीत असं धरून चालणं. ही मी स्वतः केलीये आणि ती बाबांवर केलीये, म्हणून जरा सविस्तर सांगते.

बाबांना 15 वर्षांपासून शुगर आहे. नातवाबरोबर रविवारी पिझ्झा खायची त्यांना फार हौस, आणि दरवेळी आम्ही सगळे खायचो आणि ते भाकरी घेऊन बसायचे ते मला बघवत नव्हतं. मग मी एका क्लासमध्ये मिळालेली रेसिपी काढली, त्यात 100 ग्रॅम साबुदाण्याचं पीठ, 75 ग्रॅम राजगिऱ्याचं पीठ आणि 150 ग्रॅम उकडलेला बटाटा होता. गहू नाही, मैदा नाही, तांदूळ नाही. बेस झाला पण सुंदर, कडेला कुरकुरीत, उचलला तरी वाकत नव्हता. मी म्हटलं बाबा, यात धान्याचा कणसुद्धा नाही, बिनधास्त खा. त्यांनी 8 पैकी 4 तुकडे खाल्ले. 2 तासांनी सवयीप्रमाणे बोटाला सुई टोचून बघितलं तर मशीनवर 268. एरवी जेवणानंतर त्यांची 160-170 असते. ते काही बोलले नाहीत, नुसती पट्टी माझ्यापुढे धरली.

त्या रात्री मी वही घेऊन बसले. साबुदाणा म्हणजे कंदाचा स्टार्च, 100 ग्रॅममध्ये 87 ग्रॅमच्या आसपास कार्ब्स आणि प्रोटीन जवळपास शून्य. राजगिऱ्यात प्रोटीन बरं असतं पण 100 ग्रॅममागे 60-65 ग्रॅम कार्ब्स असतातच. बटाट्याचे धरून पूर्ण बेसचे 160 झाले. नेहमीचा 150 ग्रॅम मैद्याचा बेस केला असता तर 110-112 झाले असते! म्हणजे मी बाबांना मैद्यापेक्षा जास्त स्टार्च 'हेल्दी' म्हणून वाढला होता. तेव्हापासून नवीन पीठ घरात आलं की मी आधी त्याचे आकडे वहीत लिहिते, मगच डबा उघडते. आणि घरात कोणी शुगरच्या गोळ्या किंवा इन्सुलिनवर असेल तर त्यांच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय जेवणात मोठा बदल करू नका.

याच्याच शेजारची चूक म्हणजे उपवासाला चालतं म्हणजे धान्य नाही. वरी, म्हणजे आपली भगर, हे सरळसरळ धान्य आहे, बारीक दाण्याचं भरडधान्य. उपवासाचा नियम वेगळा आणि धान्य-बिनधान्य वेगळं. कॉर्नफ्लॉवरचंही तेच, ते मक्याचं. बेस सुटायला लागला की घाईघाईने 2 चमचे कॉर्नफ्लॉवर मारणारे मी रोज बघते.

आता फ्लॉवरचा बेस. सगळ्यांना वाटतं हा म्हणजे अगदी हलका. 100 ग्रॅम कच्च्या फ्लॉवरमध्ये 25 कॅलरी आणि 2 ग्रॅम प्रोटीन, बाकी 92 टक्के पाणी. पण नुसत्या फ्लॉवरचा बेस होत नाही, बांधायला काहीतरी लागतं आणि खरा हिशेब त्या बांधणाऱ्या गोष्टींचा असतो. माझा 10 इंची बेस असा असतो: फ्लॉवर 500 ग्रॅम, पनीर 100 ग्रॅम, बदामाचं पीठ 50 ग्रॅम, जवसाची पूड 1 मोठा चमचा, इसबगोल 5 ग्रॅम. सगळं मिळून साधारण 770 कॅलरी, 40 ग्रॅम प्रोटीन, 45 ग्रॅम कार्ब्स आणि त्यातले 20-22 ग्रॅम फायबर, फॅट 50 च्या वर. 150 ग्रॅम मैद्याच्या बेसमध्ये 530 कॅलरी, 15 ग्रॅम प्रोटीन, 4 ग्रॅम फायबर. म्हणजे प्रोटीन अडीचपट, कार्ब्स निम्म्याहून कमी, पण कॅलरी जास्त! वजन उतरवायचं म्हणून हा अख्खा बेस एकट्याने खाल्ला तर वजन कसं उतरेल? आम्ही एका बेसमध्ये तिघं जेवतो, बरोबर काकडी-टोमॅटोची मोठी वाटी.

आणि पाणी पिळा हो. इथे सगळ्यांना घाई असते. मंडईतून पावसाळ्यात आणलेला फ्लॉवर तर भिजलेलाच असतो. किसून 5-6 मिनिटं वाफवायचा, पूर्ण गार होऊ द्यायचा (गरम पिळला तर हात भाजतो आणि पाणीही नीट निघत नाही) आणि जुन्या स्वच्छ पंचात बांधून पिळायचा, मग गाठ फिरवून परत पिळायचा. दुसऱ्या पिळीत जे पाणी निघतं तेच बेस बिघडवणारं पाणी असतं. हे टाळलं की गोळा सैल होतो, मग लोक त्यात अजून बदाम, अजून चीज घालतात आणि 770 चे 1000 कधी झाले कळतही नाही. पिळलेलं पाणी मात्र फेकू नका, त्यात जीवनसत्त्व उतरलेली असतात, मी आमटीत घालते.

बदामाचं पीठ वाटीने मोजू नका. 100 ग्रॅमला 580-600 कॅलरी आहेत, वाटी दाबून भरली की हिशेब गेला. किचनचा वजनकाटा घ्या, एवढंच.

बेसनाचा बेस स्वस्त आणि पौष्टिक, मला मनापासून आवडतो, 100 ग्रॅमला 20-22 ग्रॅम प्रोटीन. पण कार्ब्सही 55-58 असतात, त्यामुळे 'लो कार्ब' म्हणून त्याला खपवू नका. आणि ज्यांच्या घरी ग्लूटेनचा, म्हणजे गव्हातल्या चिकट प्रोटीनचा, खरोखरचा त्रास आहे, सिलिअ‍ॅक आहे, त्यांनी डाळ गिरणीत देऊच नये. आपल्या पेठेतल्या गिरणीत एकाच जात्यावर आधी गहू दळलेला असतो, काकांनी कितीही झटकलं तरी थोडी कणीक येतेच. अशांसाठी डाळ घरच्या मिक्सरवर दळा. हिंगाची डबीही वाचा, बांधणीच्या हिंगात बहुतेक वेळा मैदा असतो.

एखाद्या रेसिपीत बांधायला अंडं सांगितलं असेल आणि तुम्ही खात नसाल तर त्याऐवजी: 1 चमचा जवसाची पूड, 3 चमचे पाणी, 10-15 मिनिटं भिजवून ठेवा. 2 मिनिटांत घट्ट होत नाही म्हणून परत पूड टाकू नका, थांबा.

अस्सल पार्मेजान चीज शाकाहारी नसतं, त्यात वासराच्या पोटातलं रेनेट असतं. पाकिटावरचा हिरवा ठिपका बघून घ्या.

तयार फ्रोझन 'फ्लॉवर बेस' घेणाऱ्यांनी पाकीट उलटं करून वाचायची सवय लावा. जे जास्त वजनाचं ते यादीत आधी लिहिलेलं असतं, त्यामुळे फ्लॉवरच्या आधी किंवा लगेच नंतर तांदळाचं पीठ नाहीतर स्टार्च दिसला तर पाकीट परत ठेवा. आणि 'एका सर्व्हिंगमध्ये अमुक कॅलरी' लिहिलं असेल तर सर्व्हिंग म्हणजे पूर्ण बेस का पाव तेही बघा, बऱ्याचदा पाव असतो.

वरच्या चीजचं कोणी धरतच नाही. 100 ग्रॅम मोझरेला म्हणजे 300 च्या आसपास कॅलरी. मी एका बेसला 60 ग्रॅम घालते, काट्यावर ठेवून.

बाबांना आता मी हाच फ्लॉवर-पनीरचा बेस देते, ओटीजीत (छोट्या ओव्हनमध्ये) 200 वर 25 मिनिटं नुसता भाजून, उलटून, मग टॉपिंग घालून अजून 8-10 मिनिटं. ते 2 तुकडे खातात, 2 तासांनी मशीन मीच पुढे करते. गेल्या रविवारी 158 आली, आणि त्यांनी तिसरा तुकडा मागितला.