परदेशी शेजारणीला जांभळी नाक्यावर नेताना
ठाण्यात राहायला आलेल्या परदेशी शेजारणीला भाजीबाजार दाखवायचाय? जांभळी नाक्यावर सकाळीच न्या. संध्याकाळी स्टेशनवरून घरी निघालेली गर्दीही तिथेच असते. आधी ‘पाव’ शिकवा. पाव किलो म्हणजे 250 ग्रॅम, वडापावातला पाव वेगळा! आमची शेजारीण ‘पाव किलो टोमॅटो’ ऐकून पिशवीत ब्रेड शोधत बसली होती. मेथी-पालक जुडीवर मिळतात, काट्यावर नाही. भेंडीचं टोक मोडून बघायचं: कट्कन तुटलं की कोवळी. पण एखादीच मोडा, नाहीतर मावशी ओरडणारच. कापडी पिशवी आणि दहा-वीसच्या नोटा जवळ हव्यातच. शेवटी ‘मावशी, थोडी कोथिंबीर टाका ना’ हे मात्र तिलाच म्हणू द्या.